येऊन गेलेलं माणूस

२०२१ च्या एप्रिलमध्ये वडीगोद्रीच्या आमच्या घरात एका रात्री तिघं तापानं फणफणले होते. दादा, वहिनी आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा. दादा-वहिनीचा रिपोर्ट आदल्या दिवशीच पॉझिटिव्ह आला होता. लेकराची तपासणी व्हायची होती, पण त्याच्या कपाळाला हात लावला आणि मला काय ते कळलं. आई उंबऱ्याबाहेर उभी, मी उभी, आणि आत कुणी जायचं हे ठरेना. तेव्हा ढाळजेतल्या बाजेवरून आजीनं विचारलं, "तुला येऊन गेलाय ना गं तो?"

मला मागच्या सप्टेंबरात औरंगाबादला करोना होऊन गेला होता.

"मग तू बस त्याच्यापाशी. लेकरू वेगळं ठेव, पण एकलं नको ठेवू."

आजी तेव्हा पंच्याऐंशीची. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत. लहानपणी तिच्या मांडीवर पडल्या पडल्या मी त्या खळग्यांतून बोट फिरवायची. डाव्या डोळ्यानं तिला फक्त उजेड कळतो. त्या रात्री ती जे बोलली ते तिचं त्या वेळी सुचलेलं शहाणपण नव्हतं. तो तिच्या लहानपणचा नियम होता, आणि त्या नियमानंच ती जगली होती.

वडीगोद्री धुळे-सोलापूर महामार्गावर. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथं महामार्गाला मिळतो. पुढे शहागडला गोदावरी, आणि पूल ओलांडला की बीड जिल्हा. आजीचं माहेर तिकडचंच, गोदाकाठचं. तिच्या लहानपणी हा सगळा मुलूख निजामाचा. अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता; जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. आजीला साल सांगता येत नाही. "रझाकाराच्या आधी पाच-सहा वर्षं" असं ती म्हणते. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं, तेव्हा तिच्या अंगावर देवी आल्या त्या १९४२-४३ च्या सुमारास असाव्यात. ती सहा वर्षांची असेल.

माजघराच्या कोपऱ्यात निंबाचा पाला पसरून त्यावर जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं अंथरलं आणि तिला त्यावर निजवलं. दाराला निंबाचा डहाळा बांधला. तो दिसला की बाहेरचं माणूस उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. घरात फोडणी बंद, तळण बंद. भावंडं ओसरीवर झोपायला. आणि तिच्यापाशी बसायला गल्लीतली एक चुलती आली, जिला देवी येऊन गेल्या होत्या. "तिला काही व्हायचं नव्हतं. तीच पाणी पाजायची, तीच डहाळीनं वारा घालायची. खाजवायला गेले की हात धरून ठेवायची. माय दारातूनच बघायची आन् रडायची." मायला आत का येऊ देत नव्हते, असं मी एकदा विचारलं. आजी म्हणाली, "मायला दिवस गेले होते."

मला हे फार मोठं वाटतं. देवी एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. गरोदर बाईला जपायचं, बरी झालेली बाई पुढे करायची, घराच्या दारावर खूण बांधायची, आणि या सगळ्यात लेकराच्या उशाशी चोवीस तास एक माणूस ठेवायचं. साक्षर नसलेल्या बायकांनी हे सगळं बसवलं होतं आणि देवीच्या नावानं पाळलंही होतं.

पण ही गोष्ट इथंच थांबवली तर ती खोटी ठरेल. त्याच साथीत आजीचा पाठचा भाऊ गेला. देवी टोचणारा माणूस गावात आला होता. घरोघर लेकरं लपवली गेली. त्या पोराला धान्याच्या बळदात बसवून वर फळी टाकली होती. टोचल्यावर ताप येतो, म्हणजे देवी कोपते, असं लोक समजत. आजीला आठवतं की बळदातून तो हाका मारत होता आणि तिला त्याची गंमत वाटत होती. पुढे महिन्याभरात तो गेला. हा भाग ती क्वचितच सांगते, आणि सांगताना पदर तोंडाशी धरते. स्वतःच्या चारही लेकरांना मात्र तिनं स्वतः हाताला धरून टोचायला नेलं. माझ्या वडिलांच्या दंडावर ते दोन गोल व्रण अजून आहेत. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ ला सापडला, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं.

आजीची माय त्याहून जुनी साथ पाहिलेली. १९१८ ची, इन्फ्लुएंझाची. महाराष्ट्रात तिला मानमोडी म्हणत. मान टाकायला लावणारी म्हणून. त्या जूनमध्ये ती मुंबईत शिरली, आणि पावसानं दगा दिलेल्या त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात खेड्यापाड्यांत पसरली. हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. विसाव्या शतकात असं एकदाच घडलं. मानमोडीनं तरणीताठी माणसं अधिक नेली. लेकरं मागं राहिली.

पणजी तेव्हा दहाएक वर्षांची. घरात सात माणसं, सातही आडवी. त्यातल्या त्यात उठून बसू शकत होती ती एकटी. ती भिंत धरून रांजणापर्यंत जायची, तांब्या भरायची आणि एकेकाच्या तोंडाला लावायची. शेजारची एक म्हातारी रोज उंबऱ्याशी ज्वारीच्या कण्यांचं भांडं ठेवून जायची, आत न येता. पणजी म्हणायची, असं आजी सांगते, की त्या साथीत माणसं तापानं मेली त्याहून जास्त पाण्यावाचून मेली. हा आकडा कुठल्या कागदावर सापडायचा नाही. पण ज्या घरात सगळेच एकदम पडतात, तिथं पाणी देणारं माणूस नसणं म्हणजे काय, हे मी त्या एप्रिलमध्ये पाहिलं. आमच्या मागच्या गल्लीत एक जोडपं आणि दोन लहान मुलं असं घर होतं. मोठी दोघं आजारी पडली, आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत दोन दिवस ती मुलं बिस्किटांवर होती.

प्लेगच्या गोष्टी त्याही मागच्या. घरात उंदीर पडायला लागले की गाव रानात जायचं. तुरकाट्या आणि कडब्याच्या झोपड्या बांधून लोक महिनोन् महिने शेतात राहायचे. पुण्यात १८९७ साली हेच सरकारनं केलं, पण सोजिरांच्या हातून. घरात शिरून आजारी माणूस ओढून नेला जायचा, माय एकीकडे आणि लेकरू दुसरीकडे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रानं लागू केला तो हाच कायदा. त्याच १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याहून पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळ आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला असं सांगतात. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. आजारी लेकराला दवाखान्यात नेण्याच्या या दोन तऱ्हा एकाच शहरात, एकाच मोसमात घडल्या.

तर त्या रात्री मी आत गेले. तोंडाला एन-९५, दोन्ही खिडक्या उघड्या. करोना देवीसारखा नाही, तो पुन्हा येतो, हे मला ठाऊक होतं. मला येऊन गेलाय एवढ्यावर निर्धास्त राहणं बरोबर नव्हतं. पण घरातल्या सगळ्यांत कमी धोका मलाच होता. लेकराला आई-बापाच्याच खोलीत ठेवलं. त्यांच्यापासून तोडण्यात काही अर्थ नव्हता, तिघांचा आजार एकच होता. त्याची मोठी बहीण बारा वर्षांची, तिला काहीच होत नव्हतं. पण ती रोज त्यांच्याच ताटात जेवलेली. तिला आजीपाशी किंवा आईपाशी ठेवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या हातात निखारा देणं. धाकट्या भावानं तिला शेतातल्या गोठ्यावर नेलं. तोही त्याच घरात जेवलेला होता. दोघं दहा दिवस मोसंबीच्या बागेत राहिले. ताप घेऊन आलेल्याची जितकी काळजी करतो, तितकी संपर्कात आलेल्या धडधाकट लेकराची आपण करत नाही. ते कुणाच्या कुशीत जाऊन झोपतंय हे बघावं लागतं.

लेकराचा ताप १०२ च्या वर. घरात पॅरासिटामॉलचं सिरप होतं, पण किती द्यायचं? वहिनी पडल्या पडल्या म्हणाली, "एक झाकण द्या." झाकणावर औषध ठरत नाही, वजनावर ठरतं: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. शेजारच्या धान्याच्या काट्यावर त्याला तोललं होतं ते महिन्यापूर्वीच, १९ किलो. बाटली दिव्याखाली धरून बारीक अक्षर वाचलं, पाच मिलीत २५० मिलिग्रॅम. म्हणजे पाच मिली. त्याच नावाच्या दुसऱ्या बाटलीत पाच मिलीला १२० असतं, म्हणून बाटली वाचल्याशिवाय चमचा भरू नये. आणि ॲस्पिरिन मुलांना अजिबात द्यायची नाही.

घरात ऑक्सिमीटर होता. लेकराच्या बारीक, गार बोटावर तो कधी ९७ दाखवायचा, कधी ८८. दादा घाबरून उठून बसला. बोट चोळून गरम केलं, लेकराला हलू दिलं नाही, पाऊण मिनिट थांबले, तेव्हा आकडा ९६ वर ठरला. तो ९४ च्या खाली ठरला असता तर रात्रीच गाडी काढायची, असं ठरवलं होतं.

मग आजीनं दारातून सांगितलं, "त्याचं पोट बघ. उडतंय का?"

आमच्याकडे लेकराच्या छातीत भरलं की डबा झाला म्हणतात. पोट उडतं, बरगड्यांखाली खळगा पडतो. जुन्या काळी त्यावर पोटावर बिबा घालायचे, तापलेल्या सळईनं डाग द्यायचे. आजीनं ते पाहिलेलं, आणि ते चूक होतं हे ती आज निखालस सांगते. पण पोटाकडे बघणं चूक नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं कमी शिकलेल्या गावकऱ्यांना लेकरांचे श्वास मोजायला शिकवलं, मोजणीसाठी मण्यांचं साधं साधन तयार केलं, आणि न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू कमी झाले. १९९० मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मी ते कधीतरी वाचलं होतं. त्या रात्री मोबाईलचं घड्याळ समोर धरून, लेकरू झोपल्यावर, त्याच्या पोटाचं खालीवर होणं पूर्ण एक मिनिट मोजलं. सव्वीस.

हे आकडे प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, त्यापुढच्या मुलाचे ३०, हे श्वास जलद समजायचे. मोजायचं ते मूल शांत असताना, रडताना नाही. श्वास जलद असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणी-दूध घेत नसेल, किंवा हाक मारल्यावर नीट जागं होत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही.

रात्रभर मी दर तासाला मोजत राहिले. कधी सव्वीस, कधी चोवीस. पहाटे तीनला तो घामानं भिजला आणि म्हणाला, "आत्या, पाणी." मी मोसंबी पिळून दिली. पहाटे त्याला लघवी झाली, तेव्हा माझा जीव खाली आला. पोटात पाणी पुरेसं जातंय हे कळायला तीच साधी खूण.

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्यानं दादाच्या मोबाईलवर औषधांची चिठ्ठी पाठवली. मोठ्यांची होती, 'मुलाला अर्धी गोळी' असं खाली लिहिलेलं. तीत स्टेरॉइड होतं, आयव्हरमेक्टिन होतं. ते दिवस असे होते की रेमडेसिविरसाठी लोक जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडत होते, आणि काही न देता बसणं म्हणजे लेकराला सोडून देणं वाटायचं. मी ती चिठ्ठी पाळली नाही. सरकारी दवाखान्यातल्या नर्सताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, खेळतोय, पितोय, श्वास बरा आहे तर तापाचं औषध आणि पाणी, बस. पुढे जूनमध्ये केंद्राच्या सूचना आल्या, त्यांतही हेच होतं: सौम्य आजारात मुलांना स्टेरॉइड नको, रेमडेसिविर मुलांना नकोच, आणि पाच वर्षांपर्यंतच्यांना मास्कसुद्धा नको. पलीकडच्या आळीत एका आजारी बाळंतिणीचं बाळ तिच्यापासून दोन दिवस काढून घेतलं होतं, ते त्याच नर्सताईंनी परत तिच्या कुशीत दिलं. मास्क लाव, हात धू, आणि पाज. दुधातून हा आजार जात नाही.

चौथ्या दिवशी लेकराचा ताप गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे लक्षणं दिसल्यापासून दहा दिवस, आणि त्यात शेवटचे तीन दिवस बिनतापाचे, एवढं होईपर्यंत तिघं आत राहिली. आम्हाला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. मेच्या मध्यावर, गोठ्यावरून परतून बरेच दिवस झाल्यावर, भाचीला ताप आला. जिला काहीच झालं नव्हतं तिला. तीन दिवस उतरेना, डोळे लाल, पण चिपडं नाहीत. पोटात कळा, अंगावर लाल पुरळ. आईला वाटलं गोवर. आजीनं बोटानं पुरळ चाचपली आणि म्हणाली, "हे गोवराचं नाही. दवाखान्यात न्या." औरंगाबादला नेल्यावर कळलं की करोनानंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच उसळते, हृदयापर्यंत सूज जाते. हे क्वचित होतं, पण वेळेवर ओळखलं तर मुलं बरी होतात. तिथं तिला स्टेरॉइडच दिलं, घरी मी ज्याला नाही म्हटलं होतं तेच. डॉक्टरांच्या नजरेखाली, हृदयाची तपासणी करत. सहा दिवसांनी ती घरी आली. करोना झालेल्या घरातल्या प्रत्येक लेकरावर, आजारी पडलेलं असो-नसो, पुढचे दीड महिने डोळा ठेवायला हवा, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी लाट मुलांना गाठणार, अशी भीती त्याच सुमारास पसरली. राज्यानं डॉ. सुहास प्रभूंच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचं कृतिदल नेमलं, मुलांच्या खाटा वाढवल्या. तयारी योग्यच होती. पण जून-जुलैत आयसीएमआरनं रक्त तपासलं, आपल्या शेजारच्या बीड-परभणीतही, तेव्हा देशातल्या सहा ते नऊ वर्षांच्या ५७ टक्के मुलांच्या आणि दहा ते सतरा वर्षांच्या जवळजवळ ६२ टक्के मुलांच्या रक्तात करोनाच्या प्रतिपिंडांची खूण सापडली. निम्म्याहून जास्त मुलांना तो येऊन गेला होता, बहुतेकांच्या घरी कळलंही नव्हतं. मुलांचं खरं नुकसान दुसरीकडे झालं. कुणाची माय गेली, कुणाचा बाप गेला, कुणाचे दोन्ही. दोन्ही गेलेल्या मुलांच्या नावानं राज्यानं पाच लाखांची ठेव ठेवली, पण ठेव उशाशी बसत नाही. आणि शाळा. माझा भाचा पहिलीत जायच्या वयाचा होता तेव्हा शाळा बंद झाली. पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले तेव्हा तो दुसरीत होता आणि त्याला स्वतःचं नाव लिहिताना काना-मात्रा आठवत नव्हत्या. मी शिक्षिका आहे, मला ते बघवत नव्हतं. ताप मोजतात तसं त्या वेळी कुणी हे मोजलं नाही.

१६ मार्च २०२२ पासून बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना लस सुरू झाली. भाचीला तेरावं लागलं होतं. आजारातून उठलेली, म्हणून औरंगाबादच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, आणि तिला शाळेतच टोचलं. कॉर्बेव्हॅक्स, हैदराबादला बनलेली. घरी आल्यावर आजीनं तिला बाजेवर शेजारी बसवून घेतलं आणि बाही वर करायला लावली. हैदराबादची लस आहे म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग उजव्या डोळ्याजवळ तो दंड आणून तिनं बराच वेळ बोट फिरवलं.

"व्रण कुठंय?" तिनं विचारलं.

"आता पडत नाही, पणजी."

आजीनं पुन्हा एकदा बोट फिरवलं, आणि बाही खाली ओढून दिली.